बिनघोड्याची पिस्तुलं आणि एक दाणा बासमती

माझ्या उजव्या हाताची तर्जनी हे टेक्सासातलं सर्वांत हुशार बोट आहे. हे मी म्हणत नाही, टेक्सास म्हणतं. मी फक्त टेक्सासला अधूनमधून आठवण करून देतो. या बोटाने बावीस वर्षांत इतके चाप ओढलेत की ते एकापुढे एक मांडले तर आमच्या इथल्या फ्रिस्कोहून निघालेली रांग श्रीवर्धनच्या समुद्रात पाय बुडवून उभी राहील. मोजणारा मीच होतो, तेव्हा शंका नको.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "नाना, यंदा तुमच्या कामावर लिहा. पण जरा सौम्य हं, शेजारच्या पानावर अनारशांची कृती आहे." म्हणून आधीच सांगून टाकतो: या लेखात कोणी मरत नाही, कोणाला खरचटतसुद्धा नाही. एक तांदळाचा दाणा तेवढा मधोमध तुटतो. त्याची हकिगत मी सहा वर्षं पोटात ठेवली आहे. आज ती बाहेर काढायची आहे, पण एकदम नाही. आधी मला थोडं मिरवू द्या.

टेलिकॉम कंपनीने मला "तुमची पोझिशन आता राहिली नाही" असं हसतमुखाने कळवलं, तेव्हा दोन महिन्यांपुरतं म्हणून मी बकच्या दुकानात लागलो. बक म्हणजे सहा फूट चार इंच माणूस, त्यावर एक फूट हॅट. त्याचं पिस्तुलांचं दुकान दाताचा दवाखाना आणि डोशाचं हॉटेल यांच्या मधोमध. पुढे काउंटर, मागे बंदिस्त शूटिंग रेंज. दवाखान्यातले पेशंट आमच्या आवाजानेच अर्धे बधिर व्हायचे, डॉक्टरांचं इंजेक्शन वाचायचं. पहिल्या दिवशी बकने नाव विचारलं. मी म्हटलं, "नाना." त्याने हॅट मागे सरकवली आणि मला खालून वर न्याहाळलं. अमेरिकेत नाना म्हणजे आजी, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढची बावीस वर्षं दाढीवाले, गोंदवलेले, ट्रकएवढे लोक काउंटरवर येऊन अदबीने विचारायचे, "नाना आहे का? मला नानाशीच बोलायचंय." एका जनरेशनला मी पिस्तूल विकणारी आजी म्हणून माहीत आहे.

घरी याहून मोठी पंचाईत. आमचा मूळ धंदा श्रीवर्धनला सुपारीचा. माझा मुंबईचा भाचा एकदा इकडे आला आणि मंडळाच्या जेवणात अभिमानाने म्हणाला, "मामांकडे पिढ्यानपिढ्या सुपारीचं काम आहे, आणि आता ते पिस्तुलाच्या दुकानात असतात." त्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंचे लोक ताट उचलून पलीकडे जाऊन बसले.

पण गंमत बघा, माझं बोट तयार झालं ते सुपारीवरच. लहानपणी वडील रोज संध्याकाळी अडकित्ता हातात देत आणि म्हणत, "डोळे मिटून कात्र आणि सांग कुठली." ओली सुपारी दबते, दबते, चिवटपणा करते आणि कधी तुटली ते कळतही नाही. भाजकी सुपारी पातीला थांबवते, "जरा दम खा" म्हणते आणि मग कट्! किडकी सुपारी दिसायला गोजिरवाणी, पण पात आत जाताना करकर करते. पुढे पिस्तुलांचे चाप ओढायला लागलो आणि लक्षात आलं, की हे सगळं मला येतंय! साहेबलोक कोर्स करून शिकतात ते मी चड्डीत असताना शिकलो होतो.

आता बाहेरच्या वाचकांसाठी थोडं तंत्र. जुन्या पिस्तुलाला मागे एक खटका दिसतो, तो घोडा. चाप ओढला की घोडा आपटतो आणि गोळी सुटते. हल्ली जी पिस्तुलं सर्रास खपतात त्यांना बाहेर घोडाच नसतो. त्यांना इकडे स्ट्रायकर-फायर्ड म्हणतात, मी बिनघोड्याची म्हणतो. आत बॉलपेनसारखी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला एक जाड सुई. चाप ओढला की आधीच अर्धी ताणलेली सुई पुरती मागे खेचली जाते, सुटते आणि काडतुसाच्या बुडाला टोचते. संपलं. एकदा नागपूरचे एक निवृत्त फौजदार आजोबा मुलाबरोबर दुकानात आले. पिस्तूल उलटंसुलटं करून मला म्हणाले, "याचा घोडा कुठं गेला जी? लंगडंच विकून राहिले का तुम्ही?" मी म्हटलं, "आजोबा, घोडा तबेल्यात आहे. आत." आजोबांनी रिकाम्या पिस्तुलाला बाजूने कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "खिंकाळत तर नाही."

तर या बिनघोड्यांची सगळी मजा चापात. चाप ओढण्याचे टप्पे असतात. आधी मोकळी चाल: बोट मागे जातं, पण आत काही घडत नाही. मग लागते ती भिंत. भिंतीवर दाब वाढवत गेलं की एका क्षणी ती तुटते, आणि तो क्षण म्हणजे धडाम. त्यानंतर बोट पुढे सोडताना मध्येच 'टिक्' असा एक टिचका बोटाला जाणवतो. हा परतीचा टिचका आला की पिस्तूल पुढच्या गोळीला तयार. नाही आला तर चाप मेला. कितीही ओढा, नुसता लोंबतो. हा टिचका लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला रडवणार आहे.

आता कोणाचा चाप कसा? ऑस्ट्रियन म्हणजे ओली सुपारी. लांब मोकळी चाल, भिंत गादीसारखी, दाबत राहा, दाबत राहा आणि कधीतरी फट्. सरकारी कचेरीसारखा कंटाळवाणा, पण उन्हात, चिखलात, दहा वर्षांनी, तस्साच! जर्मन म्हणजे भाजकी. चाल थोडी, भिंत पक्की, कट् असा स्वच्छ आवाज. ओढल्यावर माणूस आपोआप हसतो. मी भल्या भल्या न्यायाधीशांना जर्मन चापावर हसताना पाहिलंय. अमेरिकन, तो सपाट पट्टीचा, म्हणजे काच: चाल सुरू होतेय म्हणेपर्यंत संपते, आणि तुटल्याची बातमी बोटाला जरा उशिरानेच मिळते. तुर्की स्वस्त आणि पहिले काही दिवस नव्या कोल्हापुरीसारखा चावरा, पण घासून घासून मऊ पडला की काढवत नाही.

हे आकड्यात बसत नाही, हे लोकांना पटत नाही. बेलव्ह्यूचा एक आयटीवाला मुलगा बहिणीकडे फ्रिस्कोला आला होता. रेंजवर भाड्याची पिस्तुलं चालवायला आला तो खिशात सामानाचं वजन करायचा काटा आणि मोबाइलवर एक्सेल शीट घेऊन. प्रत्येक चाप काट्याने ओढून आकडे भरले आणि म्हणाला, "काका, ऑस्ट्रियन आणि जर्मन, दोन्ही सेम आहेत. सो देअर इज नो डिफरन्स."

मी म्हटलं, "तुझ्या आईच्या चकल्या आणि माझ्या चकल्या, दोन्हींचं वजन सारखंच भरेल. खाऊन बघ."

त्याने एक डोळा मिटून ऑस्ट्रियन ओढलं. मग जर्मन. मग परत जर्मन. मग एक्सेल शीट बंद केलं. "यार काका," तो म्हणाला, "हे सेलमध्ये कसं लिहू?" लिहू नको म्हटलं, आठवण ठेव.

माझी कीर्ती झाली ती शनिवारच्या पैजेमुळे. बक माझ्या डोळ्यांवर आपला लाल रुमाल बांधायचा. पिस्तूल आधी तो रिकामं असल्याचं तपासणार, मग मी बोटाने चाचपून तपासणार, मग कोणीतरी गिऱ्हाईक तपासणार. तोंड वाळूच्या पिंपाकडे. तिघांनी तपासल्याशिवाय बोट आत जायचं नाही, हा बकचा नियम, आणि त्यात त्याने देवालासुद्धा सूट दिली नसती. मग मी चाप ओढून नाव सांगायचं. चुकलो तर डोनट माझ्याकडून, बरोबर आलं तर त्याच्याकडून. बावीस वर्षांत बकच्या डोनटांनी माझी साखर इतकी वाढवली की मुंग्या माझ्या मागे पार्किंगपर्यंत यायच्या. एकदा त्याने गपचूप हातात ड्रिल मशीन दिलं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "बक, हे ड्रिल आहे, आणि याची बॅटरी उद्या दुपारी संपेल." दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. एकला पाच कमी.

आता ईशाकडे येतो.

शैलावहिनींना फ्रिस्कोत कोण ओळखत नाही! मूळच्या पुण्याच्या, मंडळाच्या हळदीकुंकवाचं सगळं त्यांच्याकडे. दसऱ्याला आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून रेडबड नावाच्या इथल्या झाडाच्या बदामी आकाराच्या पानांना सोनं म्हणायचं त्यांनीच सुरू केलं. लॅपटॉप, इन्स्टंट पॉट, नवऱ्याची, म्हणजे अविनाशची, इलेक्ट्रिक गाडी, सगळ्यांना त्या हळदीकुंकू लावतात. ईशा त्यांची एकुलती एक, जन्म इथलाच. फार्मसीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ती पोलीस अकॅडमीत गेली, तेव्हा अविनाशने, म्हणजे तिच्या बाबांनी, तिच्याशी बोलणं "मीठ दे" आणि "दिवा बंद कर" एवढ्यावर आणलं. त्याचं एकच म्हणणं: फायरिंगच्या परीक्षेत नापास झाली की येईल परत फार्मसीला. परीक्षेला दोन संधी. दुसरी गेली की अकॅडमीतून घरी.

अकॅडमीत त्यांच्या मान्य यादीतलं स्वतःचं पिस्तूल चालायचं. ते घ्यायला ईशा आमच्याकडे आली. मी सगळी शोभा मांडली. जर्मनवर ती हसली, तशी सगळेच हसतात. मी बॉक्स बांधायला घेतला.

"नाही काका," ती म्हणाली, "मला ते दुसरं. द बोअरिंग वन."

"अगं, ती ओली सुपारी आहे!"

"आय डोंट नो व्हॉट दॅट मीन्स. पण ते दर वेळी मला सेम गोष्ट सांगतं. आय लाइक दॅट."

"जर्मन तुला कविता सांगेल."

"काका, मला ड्यूटीवर कविता नको."

बक मागून खो खो हसला. मला जरा लागलं. इतक्या वर्षांचं माझं बोट, आणि ही कालची पोर मला चाप शिकवतेय! पण पिस्तूल दिलं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिने ते नेम धरायची नवीन माशी बसवायला आमच्याकडे आणून ठेवलं. ते शनिवारी तयार झालं, आणि तो शनिवार नेमका खंडेनवमीचा. दर खंडेनवमीला मी दुकानात शस्त्रपूजा करायचो. बक हॅट काढून छातीशी धरायचा आणि आरती संपली की "एमेन" म्हणायचा. त्या वर्षी मला काय स्फुरण चढलं कोण जाणे. म्हटलं, आपली मराठी पोर पोलिसात जातेय, तिच्या शस्त्राची पूजा जरा जंगी झाली पाहिजे! पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामं करून, उघडं करून चौरंगावर ठेवलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, घरून आणलेल्या कुंकवात माखलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. वर साजूक तुपाचं निरांजन असं काही ओवाळलं की दोन थेंब... असो. जगात साजूक तुपासारखं वंगण नाही, असं मी बकला सांगितल्याचंही आठवतं. नंतर वरचं सगळं पुसून चकचकीत केलं. पोरगी शिस्तीची, तिला कळलं तर ओरडेल. संध्याकाळी ती पिस्तूल घेऊन गेली.

सोमवारी परीक्षा. अकॅडमीची रेंज उघड्यावर, आणि टेक्सासचा ऑक्टोबर म्हणजे तापल्या तव्याला नुसतं नाव वेगळं. मधल्या फेरीत तिचा चाप मेला. परतीचा टिचकाच नाही. तिने हात वर केला, इन्स्ट्रक्टरने सावलीत नेऊन पिस्तूल तपासलं, तोवर चाप जिवंत! तो म्हणाला, यंत्र ठीक आहे, दोष चालवणाऱ्याचा. पहिली संधी गेली. दुसरी गुरुवारी.

मंगळवारी सकाळी ती दुकानात आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "काका, समथिंग इज ऑफ. चाप वेगळा लागतोय. लाइक... बीचवर चालल्यासारखा."

मी पिस्तूल घेतलं आणि बोलत बोलत दहा वेळा चाप ओढला. चाप म्हणजे काय, माझे वडील काय म्हणायचे, पोलिसात जाताना माणसाचं बोट का थरथरतं, सगळं सांगितलं. आणि निकाल दिला: "पिस्तूल ठणठणीत आहे. तुझं बोट घाबरलंय." वर खिशातला अडकित्ता तिच्या हातात दिला. "गुरुवारपर्यंत पावशेर सुपारी कात्र. डोळे मिटून."

तिने अडकित्ता काउंटरवर ठेवला. "काका, तुम्ही आंधळेपणी कुठलंही पिस्तूल ओळखता ना?"

"टेक्सासला विचार."

"मग बांधा डोळे."

बक एका उडीत रुमाल घेऊन हजर! त्याच मॉडेलची चार पिस्तुलं काढली. तिघांनी तपासली, रिकामी. डोळे बांधले आणि बक माझ्या कानात म्हणाला, "नाना, नो टॉकिंग."

पहिलं ओढलं. ओली सुपारी. दुसरं, ओली. तिसऱ्याची मोकळी चाल सुरू झाली आणि बोट मधेच थांबलं. करकर. अगदी बारीक, मुंगीने रवा खाल्ल्यासारखी.

"ही किडकी आहे," मी म्हटलं.

"शुअर?" ईशाचा आवाज.

"या बोटाची शपथ."

"दॅट्स माइन, काका."

मी रुमाल काढला. मघाशी हाच चाप मी दहा वेळा ओढला होता, आणि माझ्या तोंडाने बोटाला बोलूच दिलं नव्हतं.

पिस्तूल चटईवर घेतलं, वरचा भाग काढला, पिना ठोकल्या आणि चापाच्या खालचा कोपरा उघडला. एरवी तिथवर कोणी साफ करत नाही. आत लाल चिकट राळ बसली होती. बकने वास घेतला आणि म्हणाला, "पॉपकॉर्न?" मला चटकन उलगडलं. तूप! आमच्या दुकानातल्या एसीत तूप थिजतं, दाणा जागच्या जागी धरून ठेवतं, आणि चाप चालतो. तापलेल्या रेंजवर तूप वितळतं, दाणा सुटतो आणि टिचक्याच्या वाटेत जाऊन बसतो. परत सावली, परत थिजला, परत चाप जिवंत. जगातला कुठलाही इंजिनिअर हा बिघाड शोधू शकला नसता, कारण जगातल्या कुठल्याही कारखान्यात पिस्तुलाला तुपाचं निरांजन ओवाळत नाहीत.

चिमट्याच्या टोकावर राळेतून एक गुलाबी तुकडा निघाला. तांदळाचा अर्धा दाणा. अक्षता म्हणजे न तुटलेला तांदूळ. हा चापाखाली सापडून बरोबर मधोमध तुटला होता.

ईशा पुढे वाकली. "इज दॅट... कुंकू?" आणि तिने फोन लावला, स्पीकरवर. "आई, तू माझ्या पिस्तुलाला काही लावलंस?"

पलीकडून वहिनींचा आवाज, एकदम बारीक झालेला. "अगंबाई... तू फक्त पिस्तुलाच्या डब्याला लाव म्हणाली होतीस ना. पण रविवारी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी डबा उघडला गं. एकच बोट टेकवलं. दोन अक्षता टाकल्या. तुझं भलं व्हावं म्हणून. त्याने झालं का? ईशा, माझ्यामुळे गेली का तुझी परीक्षा?"

"इट्स ओके, आई. रडू नको. आई, प्लीज."

आता नीट वाचा. वहिनी पुण्याच्या. त्यांच्या घरी आंबेमोहोराशिवाय दुसरा तांदूळ शिजत नाही, पाहुणा कोणीही असो. आंबेमोहोराचा दाणा आखूड, गोंडस. आणि माझ्या चिमट्यात जो अर्धा तुकडा होता, तो अर्धा असूनही वहिनींच्या अख्ख्या दाण्यापेक्षा लांब होता. तो बासमती होता. आमच्या घरचा. शनिवारचा. माझा.

ईशाला तांदूळ म्हणजे तांदूळ. बकला तांदूळ म्हणजे चायनीज. त्या खोलीत तो दाणा ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्या माणसाने काय केलं? तोंडात सुपारी होती, ती चघळत राहिला. आणि तुकडा हळूच खिशातल्या डबीत टाकला.

पिस्तूल मी असं साफ केलं की त्यात डॉक्टरांनी ऑपरेशन केलं असतं. पन्नास वेळा ओढून पाहिलं, एकदाही तोंड न उघडता. ओली सुपारी, दर वेळी तीच, तशीच. त्या दिवशी मला ओल्या सुपारीचा मोठेपणा कळला. कविता सांगणाऱ्या चापात ही करकर मला यमक वाटली असती. तो रोज एकच वाक्य बोलायचा, म्हणून त्यातला एक शब्द बदललेला पोरीला कळला.

गुरुवारी मी वहिनींना माझ्या ट्रकमधून अकॅडमीला घेऊन गेलो. आत जाता येत नाही. पार्किंगमध्ये, कुंपणाच्या अलीकडे बसलो. दुसऱ्या संधीला ईशा एकटीच होती, त्यामुळे पलीकडून येणारा प्रत्येक आवाज तिचा. वहिनींनी डोळे मिटून हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

धड. धड. धड-धड.

"बरोबर चाललंय का हो नाना?"

"झकास! ऐका, टिचका पकडून मारतेय. एका लयीत!"

धड-धड. धड. आणि मग काहीच नाही.

मी दारावर हात ठेवला. त्या शांततेत माझी तोवरची सगळी वर्षं, सगळे डोनट, सगळ्या पैजा, श्रीवर्धनची सगळी सुपारी एका बाजूला आणि तूप दुसऱ्या बाजूला. आत कुठे दुसरा अर्धा तुकडा राहिला असेल तर? मी पाहिला होता का कोपरा? पाहिला होता. खरंच पाहिला होता का?

वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, "नाना, माझा हात वाईट आहे. आता मी तिच्या कशाला हात लावणार नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात सुपारीही नव्हती.

धड! धड-धड! धड-धड-धड!

गोळ्यांचं मॅगझिन बदलत होती पोरगी, दुसरं काही नाही! मी स्टिअरिंगवर अशी थाप मारली की हॉर्न वाजला आणि कुंपणावरचे कावळे ओक्लाहोमात उतरले. थोड्या वेळाने ईशा गेटमधून बाहेर आली, चालत नाही, पळत. वहिनी ट्रकमधून उतरल्या आणि तिच्या दिशेने धावल्या, आणि दोन पावलांवर थांबल्या. हात मागे. ईशानेच त्यांना मिठी मारली. अविनाशने त्या रात्री स्वतःहून तिला विचारलं, "जेवलीस का?" मिठाव्यतिरिक्त विचारलेला तो पहिला प्रश्न.

सहा दसरे झाले. ईशा आता मंडळाच्या कार्यक्रमाला वर्दीत येते, पोरं तिच्याबरोबर सेल्फी घेतात. वहिनी अजूनही सगळ्या फ्रिस्कोच्या गाड्यांना हळदीकुंकू लावतात, पण लेकीच्या पट्ट्याला, बॅजला, कशालाच नाही. लांबून हात जोडतात. कोणी आग्रह केला तर हसून म्हणतात, "नको गं, माझा हात वाईट." आणि मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ड्रिलची गोष्ट सांगत असतो.

मी निवृत्त झालोय, बकला आता दुसरी आजी मिळालीय. तो अर्धा दाणा माझ्या सुपारीच्या डबीत आहे. कुंकू उडालंय, लांबी शाबूत आहे. ज्याला या लेखातलं बाकी सगळं थापा वाटत असेल, त्याने येऊन तेवढा बघावा.

शैलावहिनी, हात वाईट होता तो माझा. ज्याच्यावर टेक्सासातलं सर्वांत हुशार बोट आहे, तोच. तुमच्या दोन अक्षता चापापर्यंत पोचल्याच नाहीत, त्या वरच्या वर घरंगळल्या असणार. आंबेमोहोर गरीब असतो. दसरा तर होऊन गेला, पण लक्ष्मीपूजनाला ईशा घरी येईल. तिच्या बॅजला हळदीकुंकू लावा, चांगलं ठसठशीत. मूठभर अक्षता टाका. निरांजनही ओवाळा, तुपाचं.

बॅजला चाप नसतो.